कमांड लाइन साधने

कमांड लाइन साधने म्हणजे कळफलकावर टंकलेल्या लेखी आज्ञांद्वारे चालवल्या जाणाऱ्या लहान संगणकीय आज्ञावली होत. कमांड लाइन या संज्ञेसाठी मराठीत ‘आज्ञा-ओळ’ असा शब्दही वापरता येतो. पडद्यावरील चित्रे, खिडक्या आणि माऊस यांच्या साहाय्याने काम करण्याच्या पद्धतीला ग्राफिकल इंटरफेस म्हणतात. कमांड लाइनमध्ये वापरकर्ता आपल्याला काय हवे ते शब्दांत लिहितो व संगणक त्याचे उत्तरही बहुधा शब्दांतच देतो. या साधनांचा आजचा प्रमुख संच १९७० च्या दशकात युनिक्स या संचालन प्रणालीबरोबर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडला. संगणकाच्या क्षेत्रात यंत्रे, पडदे आणि आज्ञावली काही वर्षांत कालबाह्य होत असताना या साधनांचे मूळ स्वरूप अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ तसेच राहिले आहे. त्यामुळे ती एकदा शिकली की ते ज्ञान दीर्घकाळ उपयोगी पडते, असे संगणकशिक्षणात मानले जाते. या टिकाऊपणाची कारणे, त्याचे लाभ आणि त्यातील धोके हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.

संकल्पना आणि घटक

कमांड लाइनवर काम करताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे टर्मिनल. पूर्वी हे दूरटंकयंत्रासारखे स्वतंत्र उपकरण असे. आता ते पडद्यावरील एका खिडकीच्या रूपात असते. दुसरी म्हणजे शेल. वापरकर्त्याने लिहिलेली ओळ वाचून, तिचा अर्थ लावून योग्य ती आज्ञावली सुरू करणे हे शेलचे काम. संचालन प्रणालीच्या गाभ्याभोवतीचे कवच अशी कल्पना या नावामागे आहे. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष साधने. फाईलींची यादी दाखवणारे एलएस, नक्कल करणारे सीपी, हलवणारे एमव्ही, पुसणारे आरएम, मजकुरात शोध घेणारे ग्रेप, क्रम लावणारे सॉर्ट, मोजणी करणारे डब्ल्यूसी ही त्यांतील नित्य वापरातील काही होत.

आज्ञेची रचना साधी वाक्यासारखी असते. आरंभी आज्ञेचे नाव येते, हे त्या वाक्यातील क्रियापद. त्यानंतर क्रिया कशी करावी हे सांगणारे पर्याय येतात, ते क्रियाविशेषणांसारखे. शेवटी क्रिया कशावर करावयाची त्या फाईलींची नावे येतात, ती कर्मासारखी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, येथे ते आरंभी येते, एवढाच ठळक फरक. भाषेप्रमाणेच येथेही मोजक्या शब्दांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून अगणित वाक्ये तयार होतात. आधी कोणीही न केलेले काम नव्या ओळीने सांगता येते, यातच या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

इतिहास

संगणकाशी लेखी आज्ञांद्वारे संवाद साधण्याची पद्धत युनिक्सहून जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६१ मध्ये प्रथम दाखवण्यात आलेल्या सीटीएसएस या प्रणालीवर अनेक जण एकाच वेळी टंकयंत्रांद्वारे एका संगणकावर काम करू शकत. फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी या प्रणालीसाठी आज्ञांची मालिका आपोआप चालवणारी आज्ञावली लिहिली. ‘शेल’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला.

सीटीएसएसच्या पुढच्या पिढीतील मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर नव्या प्रणालीचा आरंभ केला. डेनिस रिची आणि अन्य सहकारी त्यांना येऊन मिळाले. या प्रणालीला पुढे युनिक्स हे नाव मिळाले. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. युनिक्सचा पहिला मोठा व्यावहारिक उपयोग प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील कागदपत्रे तयार करण्यासाठी झाला. या प्रणालीची अनेक साधने मजकुराभोवती का रचली गेली, याचा एक धागा येथे सापडतो.

त्या काळी वापरात असलेले टेलिटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला केवळ दहा अक्षरे कागदावर छापत असे. कळा जड होत्या आणि प्रत्येक अक्षराला वेळ लागे. एलएस, सीपी, एमव्ही यांसारखी दोन अक्षरी नावे व यशस्वी काम झाल्यावर काहीही न बोलण्याची या साधनांची सवय, या दोहोंचे मूळ त्या मंद यंत्रांत आहे. टेलिटाइप यंत्रे केव्हाच नाहीशी झाली, परंतु त्यांच्या नावाचे लघुरूप ‘टीटीवाय’ आजही लिनक्समध्ये टर्मिनलसाठी वापरले जाते.

१९७३ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरले. निरनिराळ्या आज्ञावली पाण्याच्या नळीच्या तुकड्यांप्रमाणे एकमेकींना जोडता याव्यात, ही कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६४ मधील एका टिपणात मांडली होती. १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी ती ‘पाइप’ या रूपाने युनिक्समध्ये आणली. त्याच वर्षी युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि ग्रेप हे साधनही युनिक्समध्ये दाखल झाले.

ग्रेपचा जन्म साहित्याच्या अभ्यासाशी निगडित आहे. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या १७८७-८८ मधील अमेरिकी राज्यघटनाविषयक लेखमालेचे कर्तृत्व भाषाविश्लेषणाने निश्चित करावयाचे होते. हा मजकूर ‘ईडी’ या तत्कालीन संपादकाच्या स्मृतीत मावत नव्हता. तेव्हा थॉम्प्सन यांनी ईडीमधील शोधाचा भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र आज्ञावली केली. ‘सर्व ओळींत हा नमुना शोधा व ती ओळ छापा’ असा अर्थ असलेल्या ईडीच्या आज्ञेतील अक्षरांवरूनच ग्रेप हे नाव पडले. मॅकमहॉन यांनी स्वतः पुढे मजकुराच्या प्रवाहावर संस्करण करणारे सेड हे साधन लिहिले. १९७७ मध्ये आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन यांनी तक्त्यांच्या स्वरूपातील माहितीसाठी ऑक ही लहान भाषा निर्माण केली. तिचे नाव या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाला.

पुढील काळात या साधनांची मालकी व घडण बदलली, परंतु त्यांचे वर्तन बदलले नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. या प्रकल्पात युनिक्सच्या साधनांच्या मुक्त आवृत्त्या पुन्हा लिहिण्यात आल्या. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल १९८९ मध्ये याच प्रकल्पातून बाहेर आला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला आणि ग्नूची साधने त्यावर चालू लागली. साधनांचे वर्तन निश्चित करणारे पॉझिक्स हे मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, तर शेल व साधनांविषयीचा त्याचा भाग १९९२ मध्ये आला.

ग्राफिकल इंटरफेसच्या प्रसारानंतर कमांड लाइन लोप पावेल असे अनेकांना वाटत होते. १९८४ मधील मॅकिन्टॉश आणि १९९५ मधील विंडोज ९५ यांनी सर्वसामान्य वापरकर्त्याला लेखी आज्ञांपासून दूर नेले. तथापि २००१ मध्ये ॲपलने युनिक्सच्या पायावर उभारलेल्या मॅक ओएस एक्समध्ये टर्मिनल दिले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पॉवरशेल हा नवा शेल आणला व २०१६ मध्ये विंडोजमध्येच लिनक्सची साधने चालवण्याची सोय केली. ज्या दोन कंपन्यांनी खिडक्यांची पद्धत घरोघरी नेली, त्या दोघींनाही आज्ञा-ओळीकडे परतावे लागले.

कार्यपद्धती

प्रत्येक साधनाला तीन प्रवाह जोडलेले असतात : माहिती आत येण्याचा, उत्तर बाहेर जाण्याचा आणि चुकीचे संदेश बाहेर जाण्याचा. पाइपच्या चिन्हाने एका साधनाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या आत सोडता येते. साधनांना एकमेकांची ओळख असण्याची गरज नसते. आत येणाऱ्या मजकुराच्या ओळी वाचाव्यात व बाहेर ओळी द्याव्यात, एवढा एकच संकेत ती पाळतात. म्हणूनच १९७३ मध्ये लिहिलेल्या साधनाच्या कल्पनेला चाळीस वर्षांनंतर लिहिलेले साधन जोडता येते.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८६ मधील आहे. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटली हे आज्ञावली-लेखनावर सदर लिहीत. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द त्यांच्या संख्येसह शोधावेत, हा प्रश्न त्यांनी डोनाल्ड नुथ यांच्यापुढे ठेवला. नुथ यांनी त्यासाठी अत्यंत काळजीपूर्वक रचलेली, अनेक पृष्ठांची आज्ञावली लिहिली. तिचे परीक्षण मॅकइलरॉय यांच्याकडे होते. नुथ यांच्या कौशल्याची वाखाणणी करून त्यांनी तेच काम सहा साधनांच्या एका मालिकेने करून दाखवले.

या मालिकेतील टप्पे समजण्यास सोपे आहेत. पहिले टीआर अक्षराव्यतिरिक्त सर्व चिन्हांच्या जागी नवी ओळ घालते, त्यामुळे प्रत्येक शब्द आपापल्या ओळीवर येतो. दुसरे टीआर मोठ्या रोमन अक्षरांची लहान अक्षरे करते. सॉर्ट सर्व शब्द क्रमाने लावते, त्यामुळे सारखे शब्द शेजारी येतात. युनिक शेजारचे सारखे शब्द एकत्र करून त्यांची संख्या लिहिते. दुसरे सॉर्ट ही यादी संख्येच्या उतरत्या क्रमाने लावते. अखेरीस सेड हव्या तेवढ्या ओळी दाखवून थांबते. यांतील एकही साधन शब्दगणनेसाठी लिहिलेले नाही. मालिका रचणाऱ्याने प्रश्नाची योग्य फोड केल्यामुळे उत्तर मिळते. कमांड लाइन शिकताना मुख्यतः हीच फोड करण्याची दृष्टी आत्मसात करावयाची असते. आज्ञांची नावे विसरली तरी ती माहितीपुस्तिकेत पुन्हा पाहता येतात.

टिकाऊपणाची कारणे

या साधनांचे ज्ञान दीर्घकाळ उपयोगी राहण्याची कारणे तांत्रिक आणि सामाजिक अशी दुहेरी आहेत.

पहिले कारण म्हणजे मजकूर हे सामाईक माध्यम. शब्दसंस्करण, हिशेब किंवा चित्ररचना करणाऱ्या बहुतेक आज्ञावली आपली माहिती आपापल्या विशिष्ट स्वरूपात साठवतात. ती आज्ञावली बंद पडली की जुन्या फाईली उघडणे अवघड होते. साधा मजकूर मात्र कोणत्याही साधनाला वाचता येतो.

दुसरे कारण अवलंबित्वाचे आहे. जगभरातील सर्व्हर, कारखाने, बँका व प्रयोगशाळा यांत असंख्य लिखित आज्ञामालिका दररोज आपोआप चालत असतात. सॉर्ट किंवा ग्रेप यांचे एखादे प्रचलित वर्तन बदलल्यास या मालिका मोडतील. त्यामुळे साधनांचे देखभालकर्ते नवे पर्याय जोडतात, पण जुने सहसा काढत नाहीत. ग्राफिकल आज्ञावलीत बटणाची जागा बदलली तर माणूस कुरकुर करून ती शोधून काढतो. आज्ञामालिकेला तशी शोधाशोध करता येत नाही. माणसांची नव्हे तर यंत्रांची गैरसोय टाळण्यासाठी राखलेली ही स्थिरता शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

तिसरे कारण म्हणजे लिनक्सचा विस्तार. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड दूरध्वनींचा गाभाही लिनक्सच आहे. एकाच आज्ञासंचाचे ज्ञान त्यामुळे अतिशय भिन्न आकारांच्या यंत्रांवर कामी येते.

चौथे कारण म्हणजे केलेल्या कामाची नोंद. माऊसने केलेल्या कृतींचा मागे काही माग राहत नाही. त्या दुसऱ्याला सांगायच्या तर चित्रांसह वर्णन करावे लागते. टंकलेली आज्ञा हीच कामाची नोंद असते. ती जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, तपासता येते व पुढच्या वर्षी जशीच्या तशी पुन्हा चालवता येते. संशोधनात निष्कर्षांची पडताळणी आवश्यक असते, तेथे या गुणाला विशेष मोल आहे.

पाचवे कारण दूरस्थ कामाचे आहे. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हे सुरक्षित जोडणीचे साधन निर्माण केले. त्याद्वारे दूरच्या संगणकावर काम करताना केवळ अक्षरे ये-जा करतात. पडद्याचे संपूर्ण चित्र पाठवावे लागत नसल्याने मंद इंटरनेट जोडणीवरही काम चालते.

दृष्टिहीनांसाठी उपयुक्तता

अक्षराधारित संवादाचा एक महत्त्वाचा लाभ दृष्टिहीन वापरकर्त्यांना होतो. आज्ञा आणि उत्तर दोन्ही मजकूर असल्याने ते वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला किंवा ब्रेल पट्टीला थेट देता येतात; पडद्यावर माऊसचा बाण नेमका कोठे आहे हे पाहण्याची गरज उरत नाही. पुण्यात वाढलेले व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये इमॅक्सस्पीक ही आज्ञावली प्रसृत केली. इमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलते करणाऱ्या या आज्ञावलीतून शेलसह संगणकावरील बहुतेक कामे ऐकून करता येतात.

मराठी मजकूर आणि कमांड लाइन

ही साधने ज्या काळी घडली त्या काळी एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत धरले जाई. रोमन अक्षरांना ते पुरेसे होते. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतप्रणाली होती व भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले. परंतु मराठी छपाईत दीर्घकाळ विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेले संकेतच प्रचलित राहिले. अशा फाईलीत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असत. तो फॉन्ट नसेल तर मजकूर निरर्थक दिसे आणि ग्रेपला त्यात मराठी शब्द सापडत नसे.

युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र संकेत दिले. हे संकेत जुन्या साधनांना पेलतील अशा रीतीने साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचली. तिचा आराखडा न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात जेवणाच्या ताटाखालील कागदावर तयार झाला. ज्यांनी ग्रेप लिहिले, त्यांच्याच हातून देवनागरीला या साधनांत प्रवेश मिळाला, असे म्हणता येते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट व्यापतो. ‘मराठी’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरांचा आहे. युनिकोडच्या दृष्टीने त्यात म, र, आकाराची खूण, ठ व दीर्घ ईकाराची खूण असे पाच संकेत आहेत. बाइट मोजल्यास ते पंधरा भरतात. डब्ल्यूसी हे साधन पर्यायानुसार पाच किंवा पंधरा असे उत्तर देते; तीन हे उत्तर ते देत नाही. कोणते साधन काय मोजते हे ठाऊक नसल्यास मराठी मजकुराविषयीचे निष्कर्ष सहज चुकतात.

मॅकइलरॉय यांची शब्दगणनेची मालिका मराठी मजकुरावर जशीच्या तशी चालत नाही. तिच्यातील पहिले टीआर रोमन अक्षरांखेरीज सर्व काही काढून टाकते, त्यामुळे देवनागरी मजकूर पूर्णपणे नाहीसा होतो. ग्नू संचातील टीआर प्रदीर्घ काळ एका वेळी एकच बाइट पाहत आले आहे. त्याला दंड हे विरामचिन्ह काढण्यास सांगितल्यास ते त्या चिन्हाचे तीन बाइट सुटे करून सर्वत्र काढते. त्यांतील दोन बाइट देवनागरीच्या संकेतांच्या आरंभी येत असल्याने सगळाच मजकूर उद्ध्वस्त होतो. याउलट, रिकाम्या जागेऐवजी नवी ओळ घालण्याचे काम तेच टीआर मराठीतही अचूक करते. कारण यूटीएफ-८ च्या रचनेनुसार देवनागरी संकेतात रिकाम्या जागेचा बाइट कधीही येत नाही. विरामचिन्हे काढण्याचे काम अशा वेळी योग्य भाषिक मांडणीसह सेडकडे सोपवावे लागते. एवढा बदल केल्यावर उरलेली मालिका मराठीतही चालते.

क्रम लावण्याच्या बाबतीतही दक्षता लागते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेत ‘ल’नंतर आणि ‘व’पूर्वी आहे. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. सॉर्टला केवळ बाइटच्या क्रमाने चालवल्यास कोशाची यादी मराठी वाचकाला चुकलेली वाटेल. शोधाच्या वेळी आणखी एक अडचण येते. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो : एकात नुक्तायुक्त र व हलन्त येतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, परंतु ग्रेपला ती भिन्न वाटतात. संशोधकाने एकच रूप शोधल्यास दुसऱ्या रूपातील सर्व उल्लेख हातून निसटतात. पडद्यावरील अक्षराच्या आत काय साठवले आहे, हे कमांड लाइनवर सहज तपासता येते. म्हणूनच मराठीच्या कोशरचनेत, जुन्या मजकुराच्या युनिकोड रूपांतरात व मुद्रितशोधनात ही साधने उपयोगी ठरू शकतात.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा संपूर्ण मजकूर संकुचित फाईलीच्या रूपात उतरवून घेता येतो. ती फाईल उलगडून एखादा शब्द कोणत्या लेखांत कोणत्या रूपात लिहिला गेला आहे हे पाहणे, घरच्या साध्या संगणकावरही या साधनांनी शक्य होते.

मर्यादा आणि टीका

कमांड लाइनवरील टीकाही तिच्याइतकीच जुनी आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात युनिक्सच्या वापरकर्त्याविषयीच्या अनास्थेवर कठोर टीका केली. आज्ञांची नावे अर्थबोधक नाहीत, पर्यायांत सुसंगती नाही आणि साधने गरजेच्या वेळीही मौन पाळतात, हे आक्षेप आजही लागू पडतात. डीडी, टार आणि फाइंड यांच्या लेखनपद्धती एकमेकींहून भिन्न आहेत. चित्रमय पडदा काय काय करता येईल ते समोर मांडतो; रिकामी आज्ञा-ओळ काहीच सुचवत नाही. चित्रे, नकाशे किंवा ध्वनी यांच्या संस्करणात जेथे पाहून व ऐकून निर्णय घ्यावयाचा असतो, तेथे ग्राफिकल आज्ञावली अधिक सोयीच्या ठरतात.

दुसरी मर्यादा धोक्याची आहे. आरएमने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, ती थेट नाहीशी होते. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना अशाच एका आज्ञेने चित्रपटाच्या बहुसंख्य फाईली पुसल्या गेल्या. राखीव प्रतीही सदोष असल्याचे आढळले. तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून बराचसा भाग वाचला. आज्ञा चालवण्यापूर्वी तीच नावे एलएसला देऊन यादी पाहून घेणे व स्वतंत्र राखीव प्रत ठेवून ती उघडते का हे तपासणे, या दोन सवयी त्यामुळे प्रत्येक शिकणाऱ्याला आरंभीच लावल्या जातात.

टिकाऊपणाबरोबर जुने दोषही टिकतात. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधील शेलशॉक हा गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. तो १९८९ पासून त्या आज्ञावलीत होता. पंचवीस वर्षे वापरात असलेले साधन निर्दोष असेलच असे नाही, हे त्यातून दिसून आले. तसेच स्वतःला न समजलेली, दुसरीकडून उतरवलेली आज्ञा चालवणे घातक ठरू शकते.

मराठी वापरकर्त्याला आणखी दोन अडचणी येतात. आज्ञा, पर्याय व माहितीपुस्तिका प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. शिवाय अनेक टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात, त्यामुळे जोडाक्षरे व वेलांट्या विस्कळीत दिसतात. आतील मजकूर बिनचूक असला तरी तो वाचण्यासाठी अनेकदा अन्य संपादकात उघडावा लागतो.

शिक्षण

संगणकशास्त्राच्या औपचारिक अभ्यासक्रमांत गणित, भाषा व सिद्धांत यांना स्थान असते. नित्याची साधने विद्यार्थ्याने आपली आपण शिकावीत असे गृहीत धरले जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत २०२० मध्ये ‘राहून गेलेले सत्र’ अशा अर्थाच्या नावाने एक लघुअभ्यासक्रम घेण्यात आला. त्याचा आरंभ शेलपासून होतो. संशोधकांना संगणकीय कौशल्ये शिकवण्यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमातही युनिक्स शेल हा एक मूलभूत पाठ आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या मूलभूत आज्ञांवरील ध्वनिचित्र पाठ भारतीय भाषांत, मराठीतही, उपलब्ध आहेत.

शिकण्याचा प्रचलित क्रम असा आहे : प्रथम फोल्डरांत फिरणे व फाईलींची यादी पाहणे, नंतर नक्कल करणे, हलवणे व पुसणे, त्यानंतर ग्रेप, सॉर्ट, युनिक व डब्ल्यूसी यांनी मजकुरावर काम करणे, मग पाइपने त्यांना जोडणे, आणि शेवटी नेहमीच्या मालिका फाईलीत लिहून ठेवणे. ‘मॅन’ ही आज्ञा अन्य आज्ञांची माहितीपुस्तिका उघडते. इंटरनेट जोडणी नसतानाही ती वाचता येते, म्हणून ती वाचण्याची सवय आरंभीच लावणे हिताचे मानले जाते. सरावासाठी स्वतःच्या फाईलींची वेगळी प्रत घेऊन तिच्यावरच प्रयोग करावेत, असा संकेत आहे.

वर्तमान काळात यंत्रबुद्धीवर आधारित साहाय्यक नैसर्गिक भाषेतील विनंतीवरून आज्ञा लिहून देऊ शकतात. त्यामुळे आज्ञा पाठ असण्याचे महत्त्व काहीसे घटले आहे. तथापि सुचवलेली ओळ नेमके काय करील, ती कोणत्या फाईलींना स्पर्श करील आणि तिने दिलेले उत्तर विश्वसनीय आहे का, याचा निर्णय ती चालवणाऱ्यालाच घ्यावा लागतो. चुकलेली आज्ञाही तितक्याच तत्परतेने पार पाडली जात असल्याने, आज्ञा वाचून समजण्याचे कौशल्य ती लिहिण्याच्या कौशल्याइतकेच आवश्यक ठरले आहे.

हे सुद्धा पहा

युनिक्स
लिनक्स
ग्नू प्रकल्प
युनिकोड
देवनागरी
मुक्त सॉफ्टवेअर